ताप उतरला आणि डोकं फिरलं

त्या आजारपणातले मधले दिवस मला आठवत नाहीत. पुढे जे लिहितोय त्यातलं निम्मं हिने वहीत टिपून ठेवलेलं, काही मुलीने सांगितलेलं आणि उरलेलं डिस्चार्जनंतर केस पेपरच्या झेरॉक्समधून वाचलेलं आहे. मी आयुष्यभर हिशेबतपासनीस म्हणून काम केलं, त्यामुळे कागद वाचायची खोड आहे. आपल्याच डोक्याचा ताळेबंद दुसऱ्यांच्या नोंदींवरून मांडायची वेळ येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

प्रकृतीचं आधी सांगतो. मधुमेह जुना, ब्लडप्रेशर त्याच्या मागून आलेलं, आणि दोघांनी मिळून किडन्या पोखरलेल्या. वय ६६, वजन ५४ किलो, क्रिएटिनिन बरेच महिने २.९ च्या आसपास (ही किडनीने गाळून टाकायची रक्तातली घाण; किडनी मंदावली की आकडा चढतो). म्हणजे किडनीच्या आजाराचा पाचांपैकी चौथा टप्पा. डायलिसिस सुरू नव्हतं. किडनीचे डॉक्टर दर भेटीत म्हणायचे, "आहे ते सांभाळू." आणि आम्ही सांभाळत होतो.

मग एका संध्याकाळी हुडहुडी भरली. ताप, कमरेच्या उजव्या बाजूला ठणका, लघवीला आग. रात्री इमर्जन्सीत पोचेपर्यंत ब्लडप्रेशर खाली आलेलं. रक्त घेतलं, लघवी कल्चरला पाठवली, सलाईन लावलं. मागच्या वेळच्या संसर्गात माझ्या लघवीत स्यूडोमोनास नावाचा जंतू निघाला होता. तो नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद देत नाही, म्हणून ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी सेफेपिम लिहिलं. हे चौथ्या पिढीचं सेफॅलोस्पोरिन, म्हणजे पेनिसिलीनच्या नात्यातलं अँटिबायोटिक, स्यूडोमोनासवर चालणारं. निवड चुकलेली नव्हती, हे मी आजही म्हणतो. संसर्ग रक्तात उतरला असता तर हे लिहायला मी उरलो नसतो.

डोस लिहिला २ ग्रॅम, दर १२ तासांनी. लघवीच्या गंभीर संसर्गासाठी ज्याच्या किडन्या धड आहेत त्याला हाच डोस देतात. क्रिएटिनिनचा रिपोर्ट त्या वेळी आलेला नव्हता. तो पहाटे आला: ४.१. संसर्गाच्या तडाख्यात किडनी आणखी ढेपाळली होती. आकडा चार्टवर लाल गोल करून लिहिलेला मी नंतर पाहिला. त्याच पानावर खाली सेफेपिमच्या ओळीत काहीच बदललेलं नव्हतं. सकाळचा डोस, रात्रीचा डोस, पुन्हा सकाळचा. प्रत्येकापुढे वेळ आणि सही, अगदी चोख.

औषधाने काम मात्र फत्ते केलं. ताप उतरायला लागला, ब्लडप्रेशर सावरलं, पांढऱ्या पेशी खाली आल्या. राउंडला येणारे डॉक्टर खूश होते. मीही खूश होतो, असं ही म्हणते.

पहिली गडबड माझ्या हातांत झाली आणि तेवढी मला स्वतःला आठवते. पाण्याचा ग्लास उचलला की हात मधेच उडायचा. ही थरथर नव्हती. थरथर मला माहीत आहे, साखर उतरली की येते. हा एकदम बसणारा हिसका होता, कुणी कोपराला धक्का मारावा तसा. चादरीवर पाणी सांडलं. मुलगी परगावी होती, तिला मोबाइलवर 'ताप नाही' एवढं कळवायचं होतं. बोट अक्षरापाशी नेलं की हिसका बसायचा आणि भलत्याच अक्षरावर पडायचं. तो मेसेज तिने अजून जपून ठेवलाय. 'ताप' बरोबर आहे. त्यापुढे 'नननन' आणि मग एक ओळभर नुसते काने-मात्रे. मला वाटलं, हाताला सुई आहे म्हणून असं होतंय.

त्यानंतर शब्द हरवायला लागले. ही विचित्र गोष्ट आहे आणि ज्याला झाली नाही त्याला समजावणं अवघड. समोरची वस्तू मला कळत होती, ती कशासाठी वापरतात तेही कळत होतं, पण नाव तोंडापर्यंत यायचं नाही. चष्मा हवा होता. मी म्हणालो, "ते दे, ते... डोळ्यांचं." हिने दिला. ती हसली, मीही हसलो. रात्रभर झोप नव्हती, शेजारच्या पलंगावरचं मशिन सारखं वाजत होतं, त्यामुळे दोघांनीही मनावर घेतलं नाही.

माझी आठवण इथे संपते.

हिच्या वहीत पुढची नोंद अशी आहे: 'सकाळपासून एकच शब्द.' निवासी डॉक्टर तपासायला आले, खिशातलं पेन दाखवून विचारलं, "काका, हे काय?" मी म्हणालो, "घड्याळ." स्टेथोस्कोप दाखवला. "घड्याळ." मग हिच्याकडे बोट दाखवून विचारलं, "आणि या कोण?" मी बराच वेळ बघत राहिलो आणि म्हणालो, "घड्याळ." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याने असं म्हणावं, यावर ही आज विनोद करते. त्या दिवशी ती बाहेर जाऊन रडली होती.

डॉक्टरांचं म्हणणं असं: वय झालंय, ताप होता, आयसीयूत दिवसरात्र कळत नाही, त्यात युरिया, म्हणजे किडनीने न गाळलेली रक्तातली घाण, वाढलेला. असा भ्रम होतो, संसर्ग आटोक्यात आला की जाईल. यातलं एकही वाक्य खोटं नाही. किडनीचा पेशंट असंबद्ध बोलायला लागला की पहिला संशय युरियावर जाणारच. साखर पाहिली, ठीक होती. सोडियम किंचित कमी, पण माणूस बरळेल इतकं नाही. सीटी स्कॅन काढला, किडनीमुळे कॉन्ट्रास्ट न देता. रक्तस्राव नाही, ताजा झटका नाही. कमरेतून पाणी काढून तपासायचं का, यावर बोलणं झालं आणि ते दुसऱ्या दिवसावर गेलं.

हिने मात्र वहीत रोजचे आकडे एकाखाली एक मांडले होते. ही सवय तिला माझ्यामुळे लागली; मी घरात कायम तेच करत आलोय. भरती झालो तेव्हा युरिया १६८, मग १५०, मग १३१. ताप १०३, १०१, मग नाहीच. क्रिएटिनिनसुद्धा ४.१ वरून ३.६ वर आलेलं. ती रकान्यावर बोट ठेवून डॉक्टरांना म्हणाली, "सगळं उतरतंय. मग डोकं का चढतंय? युरियामुळे झालं म्हणता, तर युरिया सगळ्यात जास्त होता त्या दिवशी हे तुमच्याशी व्यवस्थित बोलत होते."

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात नेमका प्रश्न हाच होता आणि तो वैद्यकीची एक पायरीही न चढलेल्या बाईने विचारला. संसर्गाने भ्रम होतो तेव्हा तो संसर्गाबरोबर वाढतो आणि त्याच्याबरोबर ओसरतो. इथे दोघांच्या दिशा उलट होत्या. आजार सुधारत असताना माणूस बिघडत असेल, तर आजारासाठी जे चालू केलंय त्याच्याकडे बघायला हवं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, मान हलवली, "बघू" म्हणाले. त्या रात्रीचा डोस ठरल्या वेळी गेला.

रात्रपाळीच्या सिस्टरांनी लिहिलेली नोंद केस पेपरमध्ये आहे आणि ती वाचताना माझ्या अंगावर काटा येतो: 'पेशंट डोळे उघडे ठेवून आहे, हाकेला उत्तर नाही, डावी पापणी व तोंडाचा कोपरा अधूनमधून उडतो, डॉक्टरांना कळवले.' कुणी म्हटलं असतं, शांत पडलाय, बरंच झालं, आदल्या दिवशी सलाईन ओढत होता. त्यांनी तसं म्हटलं नाही. फोन करून थेट किडनीच्या डॉक्टरांना उठवलं.

ते आले आणि पलंगापाशी उभं राहून त्यांनी एकच विचारलं: कुठलं अँटिबायोटिक चालू आहे, किती डोस आणि कितवा दिवस? उत्तर ऐकलं, माझा हात मनगटापासून मागे वाकवून धरला, पंजा कसा पुन्हा पुन्हा गळून पडतो ते पाहिलं आणि सेफेपिम तिथल्या तिथे बंद करायला सांगितलं. पुढच्या तपासण्या होतील तेव्हा होतील.

आता यामागचं गणित सांगतो, कारण मी घरी आल्यावर ते स्वतः करून पाहिलं. सेफेपिमचा सुमारे ८५ टक्के भाग शरीरात न बदलता तसाच लघवीतून बाहेर पडतो. लिव्हर त्याला फारसा हात लावत नाही. किडन्या चांगल्या असतील तर रक्तातलं औषध निम्मं व्हायला साधारण २ तास लागतात. डायलिसिसवरच्या माणसात त्यालाच साडेतेरा तासांच्या आसपास लागतात. माझी किडनी किती गाळत होती हे काढायला डॉक्टर एक जुनं सूत्र वापरतात, कॉक्रॉफ्ट-गॉल्ट नावाचं, १९७६ सालचं: १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, आलेल्याला ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा, बाई असेल तर शेवटी ०.८५ ने गुणा. माझे आकडे घातले की १४० वजा ६६ म्हणजे ७४, गुणिले ५४ म्हणजे ३९९६. खाली ७२ गुणिले ४.१. उत्तर येतं साडेतेरा मिलिलिटर मिनिटाला. ६० किंवा त्याहून कमी असेल तर सेफेपिमचा डोस कमी करायला औषधाच्या माहितीपत्रकातच सांगितलंय. ११ ते २९ च्या गटात, जिथे एरवी २ ग्रॅम १२ तासांनी द्यायचे, तिथे १ ग्रॅम २४ तासांनी. मला दिवसाला ४ ग्रॅम जात होते. चौपट.

आणि हे साडेतेरासुद्धा उदारच. क्रिएटिनिन चढतं असतं तेव्हा सूत्र किडनीला खऱ्यापेक्षा जास्त गुण देतं, कारण रक्तातला आकडा किडनीच्या पडझडीच्या मागून येतो.

साचलेलं औषध मेंदूत शिरतं आणि तिथे गाबा नावाच्या रसायनाच्या आड येतं. गाबा हा मेंदूचा ब्रेक. तो लागेनासा झाला की पेशी नको तेव्हा पेटायला लागतात: हाताचे हिसके, शब्द अडकणं, एकच शब्द पुन्हा पुन्हा येणं, गुंगी आणि शेवटी फिट. हा गुण बीटा-लॅक्टम गटातल्या, म्हणजे पेनिसिलीन आणि सेफॅलोस्पोरिनच्या कुळातल्या, सगळ्याच औषधांत कमी-जास्त आहे. पेनिसिलीन थेट मेंदूच्या पृष्ठभागावर लावलं तर फिट येते हे १९४० च्या दशकातच कळलं होतं. किडनीच्या पेशंटला त्यात आणखी दोन तोटे. रक्तातल्या प्रथिनांना कमी औषध चिकटून राहतं आणि मोकळं जास्त फिरतं; शिवाय मेंदूतून औषध बाहेर टाकण्याच्या वाटांवर युरियासोबत साचलेल्या इतर घाणीची गर्दी असते.

सकाळी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, झाला. डोक्यावर तारा चिकटवून तो काढतात, दुखत वगैरे काही नाही, आणि मला तर पत्ताही नव्हता. मेंदूच्या डॉक्टरांनी मुलीला पडद्यावर दाखवलं. ती तोपर्यंत पोचली होती. ठरावीक अंतराने येणाऱ्या तीन टोकांच्या लाटा, एकामागून एक. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की अशा लाटा युरियानेही दिसतात, लिव्हर बिघडल्यावरही दिसतात, त्यामुळे नुसत्या यावरून ठपका ठेवता येणार नाही. पण मधेमधे त्यांचा वेग वाढून सलग झटक्यासारखा पट्टा दिसत होता. हातपाय न झाडता, नुसतं डोळे उघडे ठेवून पडलेल्या माणसाच्या मेंदूत फिट चालू असू शकते. तिला नॉनकन्व्हल्सिव्ह स्टेटस एपिलेप्टिकस म्हणतात आणि ईईजी काढल्याशिवाय ती ओळखू येत नाही. आमच्या मुलीला हे ऐकूनच घेरी आली. फिट म्हणजे तोंडाला फेस, दातखीळ, एवढंच आपल्या डोक्यात असतं.

फिट थांबवायला लोराझेपाम दिलं, मग लेव्हेटिरासिटाम सुरू केलं. तेही किडनीतूनच जातं, तेव्हा त्याचाही डोस आधी बसवून घेतला. फिटेवरचंच दुसरं औषध, व्हॅल्प्रोएट, का नाही, असं मुलीने विचारलं, तिने कुठेतरी वाचलं होतं. उत्तर तिला आवडलं आणि तिने मला नंतर दोनदा सांगितलं: संसर्गासाठी पुढे मेरोपेनेमसारखं कार्बापेनेम द्यावं लागलं तर ते रक्तातलं व्हॅल्प्रोएट झपाट्याने खाली आणतं, आणि ऐनवेळी फिटेवरचं कवच जातं.

खरा पेच डायलिसिसचा होता. किडनीचे डॉक्टर म्हणाले, औषध आपोआप उतरेल, पण किडनी इतकी मंद आहे की दोन-तीन दिवस लागतील आणि तेवढा वेळ मेंदू असा पेटता ठेवायचा नाही. मशिनवर घेऊ. ही सही करायला तयार नव्हती. इतकी वर्षं आम्ही एकाच गोष्टीपासून पळत होतो. एकदा लावलं की सुटत नाही, हे किडनीच्या ओपीडीतल्या बाकांवर प्रत्येकाच्या तोंडी असतं. डॉक्टरांनी तिला बाजूला बसवून सांगितलं, "वहिनी, हे किडनीसाठी नाही. औषध धुऊन काढायला आहे. एक-दोन वेळा करू आणि नळी काढून टाकू." सेफेपिम त्या बाबतीत सोयीचं आहे. तीन तासांच्या एका डायलिसिसमध्ये अंगात असलेल्या औषधापैकी सुमारे ६८ टक्के निघून जातं. आकडा ऐकला आणि तिने सही केली. मुलगी म्हणते, आकडा नसता तर केली नसती.

मानेत तात्पुरती नळी घातली. मशिन लागलं. संध्याकाळी हाकेला हुंकार, रात्री डोळ्याला डोळा.

माझी आठवण पुन्हा सुरू होते ती मानेला ओढलेल्या चिकटपट्टीपासून. खाज येत होती. हात वर नेला तर कुणीतरी धरला, बघितलं तर मुलगी. तिला इथे बघून मी गोंधळलो, कारण माझ्या हिशेबी मी तिला आताच मेसेज पाठवत होतो. तिने पेन दाखवलं. मी म्हणालो, "पेन." ती आणि ही दोघी अशा हसायला-रडायला लागल्या की मला वाटलं, काहीतरी वाईट बातमी आहे.

सगळं एकदम परतलं नाही. दुसऱ्यांदा मशिन लावल्यावर हिसके थांबले. शब्द मात्र आणखी काही दिवस उशिरा यायचे, विशेषतः नावं. शंभरातून सात-सात वजा करत जा, असं रोज सकाळी विचारायचे. ८६ च्या पुढे अडखळलो तेव्हा मला जेवढी लाज वाटली तेवढी बेडपॅनचीही वाटली नाही. मग एका सकाळी सरळ दोनपर्यंत उतरलो. ईईजी पुन्हा काढला, लाटा गेल्या होत्या. फिटेचं औषध हळूहळू कमी करून बंद केलं. क्रिएटिनिन ३.१ वर टेकलं, मानेची नळी निघाली आणि डायलिसिसही सुटलं. लघवीच्या संसर्गाचं उरलेलं काम दुसऱ्या अँटिबायोटिकने केलं, किडनीच्या मापाने.

राग आला का? आला. ज्यांनी डोस लिहिला त्या डॉक्टरांशी बोललो. त्यांनी टाळाटाळ केली नाही. म्हणाले, पहिला डोस पूर्णच द्यायचा असतो, किडनी कशीही असो, कारण सुरुवातीला औषध कमी पडलं तर जंतू माणसाला नेतो. दुसऱ्या डोसपासून कमी करायला हवं होतं आणि ते राहून गेलं. त्यांचा पहिला मुद्दा मला पूर्ण पटला. किडनी खराब म्हणून अँटिबायोटिक घाबरत, चिमूटभर द्यायचं हा दुसरा धोका आहे आणि तो जास्त जीवघेणा आहे. हे लिहिताना मला धास्ती तीच वाटते, की कुणी वाचून सेफेपिमला नाहीच म्हणेल. तसं करू नका. राहून गेलं हे मात्र नुसतं एका माणसाचं राहणं नाही. रिपोर्ट पहाटे येतो, डोस रात्री लिहिलेला असतो, पाळी मधेच बदलते, आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघायचं काम नेमकं कुणाचं, हे कुठे लिहिलेलं नसतं.

अमेरिकेत औषधांना मान्यता देणाऱ्या एफडीएने २०१२ च्या जूनमध्ये सेफेपिमबद्दल असाच इशारा काढला होता. १९९६ मध्ये मान्यता मिळाल्यापासून त्यांच्याकडे या न दिसणाऱ्या फिटेच्या ५९ केसेस नोंदल्या गेल्या होत्या. जवळजवळ सगळ्यांच्या किडन्या अधू होत्या आणि बहुतेकांचा डोस त्या मानाने कमी केलेला नव्हता. माझी केस वाचल्यासारखी वाटली.

मानेची नळी निघेपर्यंत डायलिसिस युनिटच्या लोकांशी ओळखी झाल्या आणि माझी कथा ऐकून प्रत्येकाने आपापली काढली. एका गृहस्थांना एर्टापेनेम नावाचं अँटिबायोटिक दिल्यावर भिंतीवर मुंग्यांची रांग दिसायला लागली. त्यांचा डोस कमी केलेलाच होता, तरी झालं, आणि उतरायला माझ्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला. म्हणजे डोस बरोबर असला की सुटलो असंही नाही. एका ताईंना कॅथेटरच्या संसर्गासाठी जेंटामायसिन मिळालं होतं. त्याने भ्रम होत नाही, पण आतल्या कानाचा तोल सांभाळणारा भाग जातो आणि तो परत येत नाही. त्या आजही अंधारात भिंत धरून चालतात, चालताना समोरचं सगळं हलताना दिसतं म्हणतात. नागिणीसाठी असायक्लोव्हिरच्या गोळ्या पूर्ण डोसने घेतलेले एक काका दोन दिवस मेलेल्या भावाशी गप्पा मारत होते. ते अँटिबायोटिक नव्हे, विषाणूवरचं औषध, पण रस्ता तोच, किडनीचा. मेट्रोनिडाझोलने जीभ जड होऊन झोकांड्या जातात, तेही खूप दिवस घेतलं तर. लघवीच्या संसर्गावरचं नायट्रोफ्युरँटॉइन अधू किडनीत लघवीत पुरेसं पोचत नाही आणि पायांच्या नसा मात्र बधिर करू शकतं. लेव्होफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन मधुमेह्यांनी जरा जपून. भ्रम आणि फिट आहेच, शिवाय साखर एकदम पाडतात, आणि मग बरळणं कशाचं हे शोधताना तारांबळ.

डिस्चार्जच्या वेळी हिचा आग्रह होता की फाइलवर मोठ्या अक्षरांत 'सेफेपिमची अ‍ॅलर्जी' असं लिहा. किडनीचे डॉक्टर अडून बसले. अ‍ॅलर्जी म्हणजे अंगाने औषध नाकारणं: पुरळ, घसा सुजणं, श्वास कोंडणं. माझ्या बाबतीत औषध जास्त झालं होतं. अ‍ॅलर्जी लिहिलं की पुढचा प्रत्येक डॉक्टर त्या कुळातली सगळीच औषधं बाजूला सारणार आणि मग उरतात ती किडनीला आणि कानाला जास्त त्रास देणारी. त्यांनी लिहिलं ते असं: 'सेफेपिममुळे मेंदूवर विषारी परिणाम, मूत्रपिंडविकार टप्पा ४, डोस न घटवल्याने, ईईजीत नोंद, औषध थांबवून व डायलिसिसने पूर्ण बरे.' हिला ते लांबलचक वाटलं. मला फार आवडलं. या ओळीची एक लॅमिनेट केलेली प्रत आता माझ्या पाकिटात असते, मागच्या बाजूला ताजं क्रिएटिनिन आणि वजन. वजन दर महिन्याला बदलून लिहितो, कारण सूत्रात तेही आहे आणि आजारी माणसाचं वजन घटतं.

पुढच्या वर्षी पुन्हा थंडी-ताप आला. तीच इमर्जन्सी, डॉक्टर नवीन आणि बरेच तरुण. ही पाकिटातून कार्ड काढायला लागली. त्यांनी ते वाचलं आणि विचारलं, "हे ५४ किलो कधीचं?" मागच्या महिन्याचं. मला स्ट्रेचरवरून उतरवून काट्यावर उभं केलं. ५१ भरलं. या वेळी पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम द्यायचं ठरलं होतं. हिने तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "पहिला पूर्ण देतोय. दुसऱ्याच्या आधी रिपोर्ट येईल, तो बघून ठरवू." आणि चार्टवर औषधाच्या ओळीपुढे त्यांनी पेन्सिलीने लिहिलं, 'क्रिएट. पाहून'. ही रोज सकाळ-संध्याकाळ माझे हात पुढे करायला लावून पंजे मागे वळवायची आणि सिस्टरांच्या देखत शंभरातून सात वजा करायला लावायची. दुसऱ्या दिवशीपासून सिस्टरच विचारायला लागल्या, "काका, आज कितीपर्यंत?"